जुन्या यंत्राचा संसार



आपल्या भोरच्या राजवाड्यापुढे चित्रीकरणाच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या, की मुले शाळेची वाट सोडून तिकडे वळतात. १८६९ साली बांधलेला हा वाडा, त्याचे चौक आणि त्याचे खांब चित्रपटांत अनेकदा आले. कोणता नट कोठे उभा होता, कोणती नटी कोणत्या जिन्याने उतरली, हे आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवितो. ते कौतुक योग्यच आहे. परंतु आज मला थोडा निराळा प्रश्न विचारावयाचा आहे. भोरची चित्रे कोणी घेतली हे आपल्याला ठाऊक असते. पण भोरला, आणि डोंगरापलीकडच्या वेल्ह्याला, चित्रे कोणी दाखविली?

या प्रश्नापाशी आपली स्मरणशक्ती एकदम थिटी पडते. चित्रपटाचा इतिहास म्हणजे चित्रपट काढणाऱ्यांचा इतिहास, अशी आपली समजूत झालेली आहे. दिग्दर्शक, नट, गायक यांची चरित्रे आहेत, स्मारके आहेत. परंतु अंधारात पाठीमागे बसून यंत्राचा दिवा जागता ठेवणारा जो माणूस, ज्याला सगळे नुसते ‘ऑपरेटर’ म्हणत, त्याचे नाव तिकिटावरही नसे आणि जाहिरातीवरही नसे. त्याची आठवण प्रेक्षकांना एकाच वेळी होई, आणि ती म्हणजे पडदा काळा झाल्यावर! मग शिट्ट्या वाजत, आरोळ्या उठत. चित्र पुन्हा सुरू झाले की त्याचे विस्मरणही होई.

मला आज जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे. पडद्यावर चित्र टाकणारे यंत्र आपोआप नीट चालते असा काळ कधीच नव्हता. ते सदैव थोडेसे बिघडलेलेच असे, आणि त्या बिघाडांसह त्याचा संसार करणारा कोणीतरी असे म्हणून ते चाले. म्हणून या यंत्राचा खरा इतिहास म्हणजे त्याच्या बिघाडांचा आणि ते निस्तरणाऱ्यांचा इतिहास होय.

काचेवरची चित्रे

हा इतिहास आपल्याकडे चित्रपटाच्या आधीपासून सुरू होतो. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. शंबर हा पुराणांतला मायावी असुर. त्याच्या मायेचा हा दिवा, असे ते भारदस्त नाव. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे, पाठीमागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पडदा, एवढाच संभार. पण पटवर्धनांनी एकाहून अधिक कंदील एकाच वेळी वापरून आणि एका काचेवर दुसरी काच सरकवून चित्रांना हालचाल दिली. रामायण-महाभारतातील प्रसंग निवेदनासह आणि संगीतासह पडद्यावर उतरू लागले.

या खेळात बिघाड कोणते, याचा विचार करा. दिवा मंद केला तर चित्र दिसत नाही, मोठा केला तर काजळी धरतो. काच फार वेळ दिव्यापुढे राहिली तर तापून तडकते, आणि ती काच रंगविण्यात कित्येक दिवस गेलेले असतात. दोन कंदिलांची चित्रे एकमेकांवर अचूक बसली नाहीत, तर रामाचे धनुष्य एकीकडे आणि हात दुसरीकडे! ही शेवटची अडचण आपण ध्यानात ठेवावी, कारण शंभर वर्षांनंतर ती पुन्हा आपल्या भेटीला येणार आहे.

दिव्याचे भय

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली. ती पाहून भारावलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे छायाचित्रकार होते. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला, १८९९ साली हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले, आणि १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे स्वदेशी परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण केले. इतिहासात ते पहिले चित्रणकार म्हणून नमूद आहेत. परंतु ही चित्रे लोकांना दाखविण्याचे यंत्रही त्यांनी चालविले, आणि पुढे चित्रे घेणे सोडून ते चित्रगृहाच्या व्यवस्थापनाकडेच वळले, हे फारसे कोणी सांगत नाही.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये एक भयंकर घटना घडली. ४ मे १८९७ रोजी एका धर्मादाय बाजारात हलत्या चित्रांचा खेळ चालू होता. यंत्राचा दिवा ईथरवर जळणारा होता. त्यात ईथर भरण्याच्या वेळी वाफेने पेट घेतला आणि कापडी-लाकडी मंडपात सव्वाशेच्या आसपास माणसे, त्यांतही बहुतेक स्त्रिया, जळून मेली. दिव्याच्या एका चुकीची ही किंमत! शिवाय त्या काळच्या फिती नायट्रेटच्या, म्हणजे बंदुकीच्या दारूच्या चुलतबहिणीच होत्या. एकदा पेटल्या की पाण्याखालीही जळत राहत. यंत्र वेगळ्या खोलीत ठेवावे, त्या खोलीला आगीपासून संरक्षण असावे, हे नियम जगभर अशाच आगींतून जन्मले. आपल्याकडे १९१८ साली सिनेमाचा पहिला कायदा झाला. चित्रे तपासण्याबद्दल तो कायदा सर्वांना आठवतो. परंतु खेळाच्या जागेला परवाना हवा आणि तेथे प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची व्यवस्था हवी, हाही त्याचा हेतू होता. ऑपरेटरची ती कोंदट केबिन हा काही वास्तुकलेचा विचार नव्हे. ती आगीच्या भयाने उभारलेली भिंत आहे.

घरच्या भिंतीवरचा खेळ

दादासाहेब फाळक्यांची कथा आपण ‘राजा हरिश्चंद्र’पासून सुरू करतो. तो चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागला. मी आपल्याला दोन-तीन वर्षे मागे नेतो. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून फाळके घरी आले ते एका ध्यासाने झपाटूनच. त्यांनी एक खेळण्यातले यंत्र आणि काही रिळे मिळविली, आणि मेणबत्तीचा उजेड भिंगातून भिंतीवर पाडून ते रात्ररात्र ती चित्रे पाहत बसत. दिवसा चित्रगृहात, रात्री भिंतीपुढे! या जागरणांनी त्यांचे डोळे गेले. सुदैवाने वैद्यकीय उपचारांनी आणि चष्म्यांच्या साह्याने दृष्टी परत आली, म्हणून पुढचा सारा इतिहास घडला.

आजकाल लोक घरी मोठा पडदा लावून चित्रपट पाहतात आणि त्याला ‘होम थिएटर’ म्हणतात. मला विचाराल तर या महाराष्ट्रातले पहिले होम थिएटर म्हणजे फाळक्यांची ती भिंत आणि ती मेणबत्ती होय. त्यात करमणूक थोडी आणि तपासणी फार होती. फीत कशी सरकते, थांबते कशी, उजेड कोठे कमी पडतो, हे त्यांनी पाहणारा म्हणून नव्हे, दाखविणारा म्हणून शिकून घेतले. लंडनला जाऊन कॅमेरा आणण्यापूर्वी, म्हणजे १९१२ पूर्वी, त्यांचे अर्धे शिक्षण दाखविण्याच्या यंत्रापाशीच झाले होते.

कोल्हापुरातही हेच घडले. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्या हाती एक जुना प्रोजेक्टर आला. तो त्यांनी खोलला, जोडला आणि त्यातूनच स्वतःचा कॅमेरा बनविण्याची उमेद धरली. १९१६ साली आनंदराव वारले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साह्याने ते काम तडीस नेले आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. फितीला दात कोठे पकडतात हे प्रोजेक्टरने शिकविले, आणि तेच कॅमेऱ्याला लागू पडले. मराठी चित्रपटाची एक मोठी परंपरा अशी एका जुन्या, वापरलेल्या यंत्राच्या पोटातून निघालेली आहे.

माळावरचा तंबू

आता आपण खेड्याकडे वळू. हिंदुस्थानात चित्रपट प्रथम पसरला तो चित्रगृहांतून नव्हे, तंबूंतून. अब्दुलअली युसुफअली हे या धंद्याचे आद्य पुरुष. १९०१ ते १९०७ ते अतिपूर्वेच्या देशांत तंबू घेऊन फिरले आणि १९०८ पासून हिंदुस्थानात फिरू लागले. त्यांचा तंबू शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद, आणि त्यात हजार माणसे बसत. पुढे याच गृहस्थांच्या मॅजेस्टिक चित्रगृहात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट लागला. तंबूपासून बोलपटापर्यंतचा हा सारा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात झाला.

महाराष्ट्रात तंबूचा सिनेमा जत्रेशी बांधला गेला. दिवाळीनंतर सुगी आटोपली की तंबू बाहेर पडत आणि वैशाख सरेपर्यंत जत्रेमागून जत्रा करीत. पावसाळ्यात ते शक्यच नव्हते. आपल्या भोर-वेल्ह्यासारख्या भाताच्या मुलखात तर मृगापासून आश्विनापर्यंत माळावर खुंटी उभी राहील तर शपथ! पण थंडी पडली की निराळे दिवस येतात. आपल्या शिवेवर डोंगरमाथ्यावर मांढरदेवीची काळूबाई आहे. पौषात तिच्या वाटेला भोरवरून माणसांची रीघ लागते. जत्रा म्हटली की देवदर्शन, नारळ, गुळाची शेव, पाळणे, तमाशाची कनात, आणि शेजारी सिनेमाचा तंबू, हे महाराष्ट्रभरचे चित्र होय. आधी बैलगाडीतून आणि मग ट्रकमधून तंबू येई. पुढे पुढे प्रोजेक्टर ट्रकच्या पाठीतच कायमचा बसविलेला असे. ट्रक तंबूच्या तोंडाशी उभा केला, फळी उघडली, की झाली केबिन. अनेक तंबूंत बायकांची बाजू निराळी आणि पुरुषांची निराळी असे.

या ट्रकमधले मशीन कसे चाले, ते थोडे खोलात सांगतो, कारण त्यातच त्या माणसाची विद्या आहे. पडद्यावर चित्र हलते असे आपल्याला वाटते. वस्तुतः एकही चित्र हलत नाही. दर सेकंदाला चोवीस स्थिर चित्रे दिव्यापुढे येतात. प्रत्येक चित्र क्षणभर थांबते, मग झडप आड येते आणि तेवढ्या अंधारात पुढचे चित्र खाली ओढले जाते. म्हणजे तीन तासांच्या खेळात प्रेक्षक कितीतरी वेळ निव्वळ काळोखाकडे पाहत असतो! ही थांब-चाल साधण्यासाठी यंत्रात क्रुसाच्या आकाराचा एक लहानसा पोलादी भाग असतो. एरवी मोठी चाके एकसारखी फिरत असतात. एक भाग धावता आणि एक भाग थांबता, या दोहोंमध्ये फीत तुटू नये म्हणून तिला वर आणि खाली एकेक सैल वळसा ठेवलेला असतो. हा वळसा म्हणजे सगळ्या यंत्राचा प्राण. तो लहान झाला की चित्र पडद्यावर नाचू लागते. मोठा झाला की फीत घासते.

बोलपटात आणखी एक गंमत आहे. फितीच्या कडेला आवाजाची जी रेघ असते, ती चित्राच्या नेमक्या शेजारी नसून वीस चौकटी पुढे असते, कारण आवाज वाचणारा दिवा खाली निराळ्या जागी असतो. खालचा वळसा चुकला की नायिकेचे ओठ मिटतात आणि शब्द मागून येतो. प्रेक्षक हसतात, ऑपरेटर मात्र न पाहता सांगतो की वळशात दोन चौकटी जास्त पडल्या.

दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमधली ठिणगी. कांड्या जळत जातात, अंतर वाढते, उजेड निळसर होतो, फडफडतो आणि विझतो. म्हणून दर थोड्या वेळाने त्या हाताने जवळ आणाव्या लागत. वीज येई ती जनरेटरची. जनरेटर दमला की आवाज घोगरा होई. धूळ आणि वारा हे माळावरचे नित्याचे पाहुणे. धुळीचा एक कण फितीच्या वाटेत अडकला की सबंध रिळावर उभी रेघ ओढली जाई. अशा शेकडो रेघा झाल्या की लोक म्हणत, “पडद्यावर पाऊस पडतोय.” आपल्या मुलखात हा एवढाच पाऊस हिवाळ्यात पडे!

आणि फीतही कशी मिळे? नव्या चित्रपटाची प्रत आधी मोठ्या शहरात, मग जिल्ह्याच्या गावी, आणि थकून भागून शेवटी तंबूत. वाटेत ती जेथे जेथे तुटली तेथे तेथे सांधलेली असे, आणि प्रत्येक सांध्यात काही चौकटी गळत. त्यामुळे पुण्यातल्या प्रेक्षकाने ऐकलेले गाणे आणि माळावरच्या प्रेक्षकाने ऐकलेले तेच गाणे यांत एखाद्या ओळीचा फरक पडे. आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले चित्रपट हे असे थोडे थोडे कमी असलेले चित्रपट होते. त्यांनी ते तक्रार न करता पाहिले, आणि उरलेले मनाने भरून काढले.

हे सारे ज्ञान कोठल्याही शाळेत शिकविले जात नव्हते. ते हातातून हातात जाई. पोऱ्या म्हणून लागलेला मुलगा आधी रिळे गुंडाळी, मग कांड्या बदली, आणि कानाने यंत्र ओळखू लागला की ऑपरेटर होई. कानाने, असे मी मुद्दाम म्हणतो. चांगला ऑपरेटर पडद्याकडे पाठ करूनही आवाजावरून सांगे की कोणते चाक कोरडे पडले आहे.

तीन नळ्यांचे यंत्र

मग दूरदर्शन आले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ साली पुण्यासाठी सिंहगडावर प्रक्षेपणाचा मनोरा उभा राहिला. आपल्या वेल्ह्याच्या अंगणातच म्हणा ना! परंतु या लहरी सरळ रेषेत जातात, आणि राजगड-तोरण्याचे डोंगर कोणासाठी वाट सोडीत नाहीत. खोऱ्यातल्या गावांना मनोऱ्याचा शेजार लाभला तरी पडद्यावर मुंग्याच दिसाव्यात, असा प्रकार. १९८२ साली रंग आले, त्यामागोमाग भाड्याचा व्हिडिओ आला, आणि तंबूचे गिऱ्हाईक घराघरांत वाटले जाऊ लागले.

घरातला हा पडदा लहान होता. तो मोठा करण्याची हौस जगभर होती. १८९७ साली जर्मनीत फर्डिनांड ब्राउन याने जी कॅथोड किरणांची नळी तयार केली, तिलाच आपण ‘पिक्चर ट्यूब’ म्हणतो. तीच लहान आणि अतिशय प्रखर करून तिच्यापुढे भिंग लावले, तर तिचे चित्र भिंतीवर पाडता येते. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत हेन्री क्लॉस याने असे यंत्र घरगुती वापरासाठी बाजारात आणले. त्यात तांबडी, हिरवी आणि निळी अशा तीन नळ्या शेजारी शेजारी. प्रत्येकीचे भिंग वेगळे, प्रत्येकीचे चित्र वेगळे. ही तीन चित्रे पडद्यावर केसभरही न सरकता एकमेकांवर बसली की एक रंगीत चित्र तयार होते. पटवर्धनांच्या कंदिलांची अडचण ती हीच! पुढे बार्को, सोनी, एनईसी अशा कारखान्यांनी सात, आठ आणि नऊ इंची नळ्यांची मोठमोठी यंत्रे केली आणि सभागृहांत व धनिकांच्या घरी ती छताला टांगली गेली.

असे एक जुने, टाकून दिलेले यंत्र माझ्या घरी आहे. त्याचे वजन माझ्याहून जास्त आहे. आणताना ते चौघांनी उचलले. घरच्या मंडळींनी त्याला ‘थोरले’ असे नाव ठेवले आहे. त्याच्या संगतीत मला जे शिकावयास मिळाले, त्यामुळेच हा विषय मी आज घेतला.

पहिली गोष्ट ही की थोरल्यांना घाई चालत नाही. यंत्र सुरू करून अर्धा तास तापू द्यावे लागते. थंड असताना रंग जुळविले तर तापल्यावर ते सरकतात आणि माणसाच्या एका गालाला तांबडी, दुसऱ्या गालाला निळी किनार येते. दुसरी गोष्ट, जुळविताना हिरवे चित्र प्रमाण धरावयाचे. पडद्यावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी आणून आधी हिरवी जाळी सरळ करावयाची, मग तिच्यावर तांबडी आणि शेवटी निळी. मध्यापासून कडेकडे जावयाचे. एक कोपरा सुधारला की दुसरा बिघडतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदललेली लिहून ठेवावी. तिसरी गोष्ट, चित्र धुरकट दिसू लागले की आधी भिंग पुसावे, मग नळीपुढचा थंडावा देणारा द्रव गढूळ झाला आहे का ते पाहावे. चौथी, एकच खूणचिन्ह फार वेळ पडद्यावर राहिले, तर त्याचा डाग नळीवर कायमचा उमटतो. त्याला औषध नाही. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की आत तीस हजार व्होल्टच्या घरातला दाब खेळत असतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो नळीत काही काळ दडून राहतो. तेथे जाणकाराखेरीज कोणी हात घालू नये. पॅरिसचा ईथर गेला; भय गेले नाही.

एवढा त्रास कशासाठी, असे मला विचारले जाते. उत्तर एका शब्दात आहे: काळोखासाठी. नव्या यंत्रांपैकी पुष्कळांत दिवा सदा पेटलेला असतो आणि काळा रंग दाखविण्यासाठी तो झाकावा लागतो. थोडा उजेड झिरपतोच. नळीच्या यंत्रात जेथे काळे हवे तेथे किरणच जात नाही. रात्र ही खरीच रात्र दिसते. त्या बदल्यात उजेड बेताचा आणि खोली पूर्ण अंधारी हवी. म्हणजे पुन्हा तंबूचाच नियम!

परंतु या गुणाला भुलून मी इतिहास विसरू नये. या शतकाच्या पहिल्या दशकात अशा यंत्रांचे उत्पादन थांबत गेले. आता एका यंत्राची नळी गेली तर दुसऱ्या मेलेल्या यंत्रातली काढून घालावी लागते. यंत्रे जिवंत आहेत ती एकमेकांच्या अवयवांवर.

शेवट कोणाचा झाला?

तंबूतल्या प्रोजेक्टरचेही असेच झाले, पण अधिक विचित्र रीतीने. ती यंत्रे मोडली म्हणून संपली नाहीत. पोलादाची ती यंत्रे आणखी पन्नास वर्षे चालली असती. संपली ती फीत. एकविसाव्या शतकाच्या आरंभी चित्रपट उपग्रहावरून आणि संगणकाच्या तबकडीवरून येऊ लागले. २०१३ साली फुजीफिल्मसारख्या मोठ्या कारखान्याने चित्रपटाच्या फितीचे उत्पादन थांबविले. आणि धडधाकट प्रोजेक्टरना दाखवावयास काही उरले नाही. चालते घड्याळ असावे आणि दिवसच बंद पडावेत, तशी ही गत. कितीतरी यंत्रे भंगाराच्या भावाने वजनावर विकली गेली.

महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी कित्येक वर्षे खपून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. तो २०१६ साली कान महोत्सवात दाखविला गेला आणि तेथे त्याचा गौरवही झाला. त्यात एक वृद्ध यंत्रदुरुस्तीवाला आहे, ज्याने चाके तेलात फिरतील असा प्रोजेक्टर स्वतःच्या कल्पनेने बनविला. ज्याचे यंत्र घ्यावयास आता कोणी येणार नाही, असा कारागीर आपले यंत्र किती मायेने दाखवितो, हे पाहून मन गलबलते. अशी माणसे आपल्या गावोगावी होती. परदेशी महोत्सवाने टाळ्या वाजविल्यावर आपल्याला त्यांची आठवण व्हावी, ही गोष्ट मला थोडी लाजिरवाणी वाटते.

मी जुन्याचा भक्त म्हणून हे बोलत नाही. कार्बनचा धूर छातीत घेऊन ती माणसे रात्ररात्र जागली, आणि त्यांना पगार बेताचाच होता. तंबूत पाठ टेकावयास जागा नसे. तो काळ परत यावा असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की यंत्र सांभाळणे निराळे आणि यंत्राची विद्या सांभाळणे निराळे. संग्रहालयात काचेमागे ठेवलेला प्रोजेक्टर काही बोलत नाही. त्याचा वळसा किती ठेवावयाचा, कोणता आवाज आला की कोठे तेल द्यावयाचे, हे ज्याला ठाऊक होते तो माणूस गेला, की ते यंत्र म्हणजे लोखंडच.

येथे मला आपल्या भोरच्या मूळ पुरुषाची आठवण होते. शंकराजी नारायण यांना राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत सचिवपद मिळाले आणि १६९७ पासून या संस्थानाची परंपरा सांगितली जाते. १७०७ साली त्यांचा अंत झाला. आंबवड्याला त्यांची समाधी आहे. सचिवाचे काम काय होते? राज्यातले कागद तपासणे, दफ्तर नीट राखणे, चूक असेल ती दुरुस्त करणे. तलवारीच्या जोडीने लेखणीही राज्य राखते, हे अष्टप्रधानांच्या त्या रचनेत मान्य केलेले होते. दफ्तर राखणाऱ्याच्या घराण्याने जे गाव वाढविले, त्या गावात एका धंद्याचे दफ्तर कोरे राहावे हे बरे दिसत नाही.

म्हणून माझी आपल्याला एक विनंती आहे आणि ती अगदी साधी आहे. आपल्या वाडीत, आळीत, सासुरवाडीत कोणी वृद्ध गृहस्थ असे असतील, की ज्यांनी तंबूत रिळे गुंडाळली, जनरेटर ओढला, तिकिटे फाडली किंवा व्हिडिओची दुकाने चालविली. त्यांच्याजवळ बसा. कोणता चित्रपट पाहिला हे त्यांना विचारू नका; ते सगळेच विचारतात. यंत्र कोठे बिघडे आणि तुम्ही काय करीत होता, हे विचारा. उत्तर एका वहीत उतरून घ्या, तारीख घाला, गावाचे नाव घाला. जुने तिकीट, परवाना, फितीचा तुकडा मिळाला तर तो त्या वहीत ठेवा. अशा दहा वह्या झाल्या तरी आपल्या दोन तालुक्यांचा जो इतिहास आज कोठेच नाही, तो उभा राहील.

मीही थोरल्यांची एक वही ठेवलेली आहे. परवा पावसाळी दमटपणाने त्यांची निळी नळी सरकली, तेव्हा गेल्या वर्षीची नोंद काढून पाहिली आणि पाऊण तासात ती पुन्हा जाग्यावर आली. नोंद नसती तर चार रात्री गेल्या असत्या. इतिहासाचा उपयोग काय, असे तरुण मंडळी विचारतात. मी त्यांना ती वही दाखवितो.